दुरुस्ती कोणाची? : भारतीय शहरांतील घरमालक-भाडेकरू संबंध आणि जबाबदारीचा इतिहास

१

घरमालक आणि भाडेकरू ही आधुनिक भारतीय साहित्यातील एक परिचित जोडी आहे. मालक कंजूष आणि भाडेकरू चुकार. मालक पाणी तोडणार आणि भाडेकरू भाडे थकविणार, असा तिचा एक ठरीव साचाही तयार झालेला आहे. हा साचा ज्या सामाजिक वास्तवातून घडला, त्याच्या इतिहासाकडे मात्र साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. भाड्याच्या घरासंबंधीची चर्चा बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते : भाडे किती असावे, आणि घर कोणी व केव्हा खाली करावे. या दोहोंच्या मध्ये असलेला तिसरा प्रश्न, म्हणजे घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी कोणाची हा प्रश्न, तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, विसाव्या शतकात भारतीय शहरांतील घरमालक-भाडेकरू संबंधांना जे वळण लागले, ते या तिसऱ्या प्रश्नाच्या आधारे अधिक नीट समजते. कायद्याने भाडे गोठविले, भाडेकरूस स्थैर्य दिले. दुरुस्तीचे दायित्व मात्र मालकाकडेच राहू दिले. ते पार पाडण्यास लागणारे द्रव्य आणि ते पार पाडण्यामागील हेतू, दोन्ही हळूहळू नाहीसे झाले. या विसंगतीचा परिणाम मुंबईच्या चाळींवर सर्वांत ठळकपणे उमटला. म्हणून येथे मुंबईचे उदाहरण केंद्रस्थानी ठेवले असून दिल्ली व चेन्नई या शहरांशी त्याची तुलना केली आहे.

२

भाडेकरार हा परस्पर दायित्वांचा करार आहे, ही कल्पना भारतीय परंपरेस अपरिचित नव्हती. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त भाड्यास ‘अवक्रय’ अशी संज्ञा आहे. भाडे देणाऱ्या रहिवाशास मालकाने घराबाहेर काढल्यास मालक दंडास पात्र ठरतो. तथापि रहिवाशाने चोरी, मारहाण किंवा वास्तूचा गैरवापर यांसारखे वर्तन केले असेल, तर तो अपवाद मानला जातो. उलटपक्षी, जो रहिवासी आपण होऊन निघून जातो, त्याने वर्षाच्या भाड्याची उरलेली रक्कम चुकती करावी, असेही तेथे सांगितले आहे. नारदस्मृतीत आणखी एक सूक्ष्म भेद आढळतो. परक्याच्या जागेत भाडे देऊन ज्याने घर बांधले, त्याने जाताना गवत, लाकूड, विटा बरोबर नेण्यास हरकत नाही. भाडे न देता, मालकाच्या इच्छेविरुद्ध राहिलेल्यास मात्र तो अधिकार नाही. भाडे देणे या कृतीतून रहिवाशास काही हक्क प्राप्त होतात, हे तत्त्व येथे स्पष्ट दिसते.

ब्रिटिश अमदानीत या संबंधास सूत्रबद्ध रूप मिळाले ते १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने. त्याच्या कलम १०८ मध्ये दोन्ही पक्षांची दायित्वे क्रमाने दिली आहेत. मालकाने जागेतील गंभीर दोष आधी उघड करावेत. भाडेकरूने भाडे वेळेवर द्यावे, जागा ज्या स्थितीत मिळाली त्या स्थितीत राखावी आणि मालकाच्या संमतीवाचून तीत कायमचे बांधकाम करू नये. वापरातून होणारी स्वाभाविक झीज त्याच्या माथी मारली जाऊ नये. जी दुरुस्ती मालकावर बंधनकारक आहे, ती सूचना देऊनही वाजवी मुदतीत न झाल्यास भाडेकरूने स्वतः करून घ्यावी व खर्च भाड्यातून वळता करावा. या सर्व तरतुदी ‘वेगळा करार किंवा स्थानिक रूढी नसेल तर’ लागू होतात. याचा अर्थ असा की, दोघे समान बळाचे पक्ष असून ते आपापसांत घासाघीस करू शकतात, असे हा कायदा गृहीत धरतो. मुंबईतील गिरणीच्या दारात नोकरी शोधणाऱ्या आणि एका खोलीत सहा-आठ जणांसह राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे गृहीतक किती पोकळ होते, हे पुढील पंधरा वर्षांतच दिसून आले.

३

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचे निदान झाले आणि मुंबईच्या भाड्याच्या घरांचा प्रश्न प्रथमच शासनाच्या चिंतेचा विषय झाला. अंधाऱ्या, कोंदट खोल्या, तुंबलेली गटारे आणि अपुरे शौचकूप यांचा रोगाशी संबंध जोडला गेला. १८९८ मध्ये मुंबई शहर सुधार विश्वस्त मंडळ, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’, स्थापन झाले. या मंडळाने वस्त्या पाडल्या, रस्ते काढले, काही चाळी बांधल्या. पण पाडलेल्या घरांच्या मानाने नवी घरे थोडी झाली आणि उरलेल्या चाळींतील गर्दी वाढली. १९२० मध्ये स्थापन झालेल्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे चाळी उभ्या केल्या. आजही ‘बीडीडी’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या २०७ इमारतींच्या रूपाने सरकार स्वतःच घरमालक झाले.

दरम्यान पहिल्या महायुद्धाने भाड्याच्या बाजाराचे स्वरूपच पालटले. बांधकाम थंडावले आणि भाडी चढली. इंग्लंड-स्कॉटलंडमध्येही हेच घडले होते. १९१५ मध्ये ग्लासगो शहरातील कामगार स्त्रियांच्या पुढाकाराने भाडेवाढीविरुद्ध संप झाला आणि ब्रिटिश संसदेस त्याच वर्षी भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. मुंबईत असा कायदा १९१८ मध्ये आला, कलकत्त्यात १९२० मध्ये. हे कायदे तात्पुरते, युद्धकालीन उपाय म्हणून केले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी तोच उपाय पुन्हा योजण्यात आला. फाळणीच्या वर्षी संमत झालेला ‘मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७’ हाही मुदतीचा होता. परंतु त्याची मुदत वेळोवेळी वाढत जाऊन तो अर्धशतकाहून अधिक काळ टिकला.

या कायद्याने १ सप्टेंबर १९४० या दिवशी असलेले भाडे हे सर्वसाधारणपणे ‘प्रमाणभूत भाडे’ ठरविले. त्याहून अधिक भाडे घेण्यास मनाई केली. पागडी घेणे हा गुन्हा ठरविला. भाडे नियमित देणाऱ्यास सहजासहजी काढता येणार नाही, अशी तजवीज केली. भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयास हे संरक्षण मिळू लागले. आजोबांच्या नावाची भाडेपावती नातवाच्या कपाटात सापडते, त्याचे मूळ या तरतुदीत आहे. घर चांगल्या व राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्याचे दायित्व कायद्याने घरमालकावरच कायम ठेवले.

४

याच काळातील दुसऱ्या एका कायद्याशी येथे तुलना करणे उद्बोधक ठरेल. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम आणि त्यातील १९५६ ची दुरुस्ती यांनी १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरविला. त्या दिवशी कसणारे कूळ काही अटींवर जमिनीचे मालक मानले गेले. मोबदला मिळून जमीनदार व्यवहारातून बाहेर पडला आणि बांधबंदिस्तीची काळजी नव्या मालकाकडे आली. म्हणजे हक्काबरोबर जबाबदारीचेही हस्तांतर झाले. शहरातील भाडेकरूच्या बाबतीत असे काही घडले नाही. मराठी भाषेनेही हा भेद जपला आहे. ‘कूळ’ हा शब्द माणसास जमिनीशी जोडतो. ‘बिऱ्हाड’ या शब्दात मात्र पाठीवर घेऊन हिंडण्याचे सूचन आहे, आणि ‘भाडेकरू’ हा तर केवळ पैशाच्या व्यवहाराने ओळखला जातो. प्रत्यक्षात मुंबईचा भाडेकरू त्याच खोलीत तीन पिढ्या काढू लागला. त्याचे वास्तव्य मालकासारखे झाले, स्थान मात्र भाडेकरूचेच राहिले.

दुसरीकडे, मालकाचे नाव मालमत्तापत्रकावर राहिले, पण मालमत्तेचा उपभोग संपला. दरमहा दहा-वीस रुपये भाड्यात लाकडी वासे बदलणे, गच्चीची गळती काढणे, जिन्याची डागडुजी करणे हे महागाईच्या काळात परवडणारे नव्हते, ही मालकवर्गाची तक्रार निराधार म्हणता येत नाही. मात्र ती पूर्ण सत्यही नव्हती. कायद्याने निषिद्ध ठरविलेली पागडी व्यवहारात सर्रास चालू राहिली. खोली एका भाडेकरूकडून दुसऱ्याकडे जाताना नव्या भाडेकरूने दिलेल्या रकमेतील ठरावीक हिस्सा मालकास मिळे आणि त्या बदल्यात पावती नव्या नावावर होई. त्यामुळे मालकाचे उत्पन्न भाड्यात कमी आणि खोलीच्या हस्तांतरात अधिक असा उलटा हिशेब सुरू झाला. भाडेकरू टिकण्यात, पर्यायाने इमारत टिकण्यात, त्याचे हित उरले नाही. इमारत कोसळली तर जमीन मोकळी होईल, हा विचारही काही मालकांच्या मनात डोकावू लागला.

भाडेकरूही या परिस्थितीस सर्वस्वी अपवाद नव्हते. मोरीची जागा वाढविणे, पोटमाळा काढणे, सज्जा बंदिस्त करून खोलीस जोडणे असे फेरफार कुटुंब वाढत गेले तसे होत गेले. गरजेतून झालेल्या या बदलांचा भार जुन्या तुळयांवर पडला. स्वतःच्या खोलीत फरशी आणि रंग यांवर खर्च करणारा भाडेकरू सामाईक जिना, गच्ची, संडास यांवर खर्च करण्यास नाखूश असे, कारण ती जबाबदारी मालकाची होती आणि उद्या आपल्याकडे मालकी येईल असे कोणतेही आश्वासन नव्हते. खोलीच्या उंबरठ्याच्या आतील भाग असा प्रत्येकाचा झाला, आणि बाहेरील भाग कोणाचाच राहिला नाही.

५

दुरुस्ती मालकाने करावी, न केल्यास भाडेकरूने करून भाड्यातून वळती करावी, हा १८८२ चा उपाय भाडेनियंत्रण कायद्यांनीही स्वीकारला. पण त्यास मर्यादा घातल्या. १९५८ च्या दिल्ली भाडेनियंत्रण अधिनियमानुसार भाडेकरूने स्वतःहून केलेल्या दुरुस्तीपोटी वर्षभरात वळती करता येणारी रक्कम वार्षिक भाड्याच्या एक-बारांश, म्हणजे फक्त एका महिन्याचे भाडे, एवढी होती. घर राहण्याजोगे उरले नसेल, तर नियंत्रकाकडे अर्ज करण्याचा वेगळा मार्ग होता. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात ही मर्यादा वार्षिक भाड्याच्या एक-चतुर्थांश आहे. महिना दहा रुपये भाड्याच्या खोलीचे उदाहरण घेतल्यास, पहिल्या हिशेबाने वर्षाला दहा रुपये आणि दुसऱ्या हिशेबाने तीस रुपये होतात. एवढ्या रकमेत गवंडी एक दिवसही काम करणार नाही. कागदावरील हक्क असा गोठलेल्या भाड्याशी बांधला गेल्यामुळे निरुपयोगी ठरला.

मुंबईत जुन्या इमारती कोसळू लागल्या, तेव्हा शासनाने एक अभिनव मार्ग काढला. १९६९ च्या कायद्याने इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन झाले. मालमत्ता कराबरोबर दुरुस्ती उपकर वसूल करावा, त्याचा भार भाडेकरूंवरही पडावा आणि त्या निधीतून मंडळाने मोडकळीस आलेल्या इमारतींची दुरुस्ती करावी, अशी ही योजना होती. मुंबई बेटावरील १९,६४२ इमारती या उपकराच्या कक्षेत आल्या. त्यांची तीन गटांत वर्गवारी झाली. ‘अ’ गटात १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या १६,५०२ इमारती होत्या. ज्या तारखेला भाडे गोठविले, त्याच तारखेने इमारतीचे वार्धक्यही मोजले जावे, ही गोष्ट लक्षणीय आहे. पुढे हे मंडळ महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणात, म्हणजे ‘म्हाडा’त, समाविष्ट झाले. इमारतीस लागलेले लाकडी टेकू हे दक्षिण मुंबईतील गल्ल्यांचे नित्याचे दृश्य झाले. दोन पक्षांच्या करारातील एक दायित्व तिसऱ्या पक्षाने, शासनाने, स्वीकारले. पण ते पुरेसे पार पाडणे त्यासही साधले नाही.

१९८६ मध्ये म्हाडाच्या कायद्यात एक प्रकरण समाविष्ट करण्यात आले. रहिवाशांच्या सहकारी संस्थेने मागणी केल्यास उपकरप्राप्त इमारत संपादित करावी आणि मालकास मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम द्यावी, अशी तरतूद त्यात होती. कूळकायद्याने शेतीत जे केले, ते शहरात करण्याचा हा उशिराचा प्रयत्न होता. त्याविरुद्ध मालकांच्या संघटनेने दिलेला लढा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठापर्यंत गेला. प्रत्येक खाजगी मालमत्तेस ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ म्हणता येणार नाही, असा बहुमताचा निर्णय ५ नोव्हेंबर २०२४ रोजी लागला. चाळीच्या गळक्या छपरापासून सुरू झालेला वाद राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९(ख) च्या अर्थापर्यंत पोचला.

६

हा इतिहास लक्षात घेऊन साहित्यकृती वाचल्या असता त्यांतील काही तपशील वेगळ्या प्रकाशात दिसू लागतात. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या पुस्तकातील गच्चीच्या आंदोलनाचे प्रकरण सामान्यतः संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे विडंबन म्हणून वाचले जाते आणि ते वाचन योग्यच आहे. तथापि त्या विनोदास एक ठोस आधार आहे. गच्ची कोणाच्याही भाडेपावतीत नमूद नसते. ती मालकाची आहे आणि वापर मात्र सर्वांच्या सवयीचा आहे. खोलीच्या चार भिंतींत कायद्याचे संरक्षण लाभलेला भाडेकरू सामाईक जागेत मालकाच्या मर्जीवर अवलंबून असतो. ‘गच्ची’ ही मागणी हास्यास्पद वाटते, कारण ती कायद्याच्या भाषेत मांडताच येत नाही. पुस्तकाच्या अखेरच्या चिंतनात विनोदाचा सूर मावळतो आणि चाळीच्या वार्धक्याची जाणीव पुढे येते, हेही या संदर्भात अर्थपूर्ण आहे.

चेन्नईत हाच प्रश्न पाण्याच्या रूपाने येतो. अशोकमित्रन यांच्या ‘तण्णीर’ (१९७३) या तमिळ कादंबरीत पाणीटंचाईच्या दिवसांत भाड्याच्या घरात राहणाऱ्या जमुना आणि छाया या बहिणींचे जीवन आहे. घागरभर पाण्यासाठी चालणारी धडपड हा तिचा विषय आहे. पाणी हा घराचा भाग मानावा की घराबाहेरची वस्तू, असा प्रश्न ही कादंबरी वाचताना उभा राहतो. भाडेनियंत्रणाचे कायदे पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सेवा तोडण्यास घरमालकास मनाई करतात. दिल्लीच्या कायद्यात ही तरतूद कलम ४५ मध्ये, महाराष्ट्राच्या कायद्यात कलम २९ मध्ये आहे. परंतु शहरातच पाणी नसेल, तर ते पुरविण्याचे दायित्व कोणाचे, याविषयी ते मूक आहेत. अशोकमित्रन यांची कादंबरी नेमक्या या मौनाच्या जागी उभी आहे.

जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात गिरणगावातील चाळीतील एका खोलीत गिरणी कामगाराचे कुटुंब राहते. १९८२ च्या संपानंतर गिरणी गेली, पण खोली राहिली. भाड्याची ही खोली हीच त्या कुटुंबाची उरलेली पुंजी आहे. पागडीमुळे तिला बाजारात किंमत आहे, पण ती विकली तर शहरातील पाय ठेवण्याची जागाच जाते. भाडेकरूस निम्मी मालकी आणि पूर्ण असुरक्षितता देणाऱ्या व्यवस्थेचे हे चित्र नाटकाच्या शीर्षकातही सामावले आहे.

या तीन कृतींचा सूर, भाषा आणि काळ भिन्न आहे. तिन्हींत समान गोष्ट अशी की, घरमालक हे पात्र गौण आहे किंवा दूर आहे. भाडेनियंत्रणोत्तर शहरात मालक हळूहळू दिसेनासा झाला, याची ही साहित्यिक साक्ष मानता येईल. खलपुरुष घरमालकाचा साचा ज्या कृतींत आढळतो, त्या कृतींतील मालक त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहतो का, हे अभ्यासकांनी तपासून पाहावे. जेथे मालक आणि भाडेकरू एकाच छपराखाली असतात, तेथे गळणारे पाणी दोघांच्याही अंथरुणावर पडते, आणि भांडणाची भाषाही वेगळी होते.

७

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात, दशकानुदशके गोठलेले प्रमाणभूत भाडे काळाच्या ओघात अवाजवी ठरले आहे, असा निर्वाळा दिला. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने दरवर्षी चार टक्के भाडेवाढीस मुभा दिली, पागडीचा व्यवहार कायदेशीर मानला आणि भाडेकरार लेखी व नोंदणीकृत करण्याचे दायित्व मालकावर टाकले. दिल्लीत मात्र १९९५ मध्ये संमत झालेला नवा कायदा भाडेकरूंच्या, विशेषतः व्यापाऱ्यांच्या, विरोधामुळे अंमलात येऊ शकला नाही.

कायद्यांच्या नावांत झालेला बदल अधिक बोलका आहे. जुने कायदे ‘नियंत्रणा’चे होते. तमिळनाडूने २०१७ मध्ये केलेल्या आणि २०१९ मध्ये अंमलात आलेल्या कायद्याच्या नावातच घरमालक व भाडेकरू यांचे ‘हक्क आणि जबाबदाऱ्या’ हे शब्द आहेत. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये संमत केलेल्या आदर्श भाडेकरार अधिनियमाने तर दुरुस्तीची यादीच दिली आहे. इमारतीच्या सांगाड्याची दुरुस्ती, रंगसफेदी, नळवाहिन्या व विजेच्या तारा बदलणे हे मालकाकडे; नळाचे वायसर, तुंबलेली मोरी, दिव्याची बटणे, दाराची कुलुपे आणि खिडकीच्या काचा हे भाडेकरूकडे. निवासी जागेसाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी आणि मालकाने घरात येण्यापूर्वी चोवीस तास आधी कळवावे, अशाही तरतुदी आहेत. हा नमुना राज्यांवर बंधनकारक नाही. तो स्वीकारणे त्यांच्या इच्छेवर अवलंबून आहे.

ही यादी क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु नळाच्या वायसरपासून तुळईपर्यंतच्या जबाबदाऱ्या इतक्या स्पष्टपणे वाटून देण्याची गरज कायद्यास एकविसाव्या शतकात भासावी, यामागे शंभर वर्षांचा अनुभव आहे. या नव्या व्यवस्थेची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. ती बाजारभावाने भाडे देऊ शकणाऱ्या, लेखी करार करणाऱ्या भाडेकरूस गृहीत धरते. १८८२ च्या कायद्यातील समान पक्षांचे गृहीतक येथे नव्या रूपात परत आले आहे. अकरा महिन्यांच्या परवाना-करारावर दरवर्षी घर बदलणाऱ्या कुटुंबास दुरुस्तीची यादी मिळेल, पण शेजार मिळणार नाही. मुलांच्या शाळेचा पत्ताही दरवर्षी बदलत राहील. गोठलेल्या भाड्याने इमारती खिळखिळ्या केल्या, हे खरे. त्याच भाड्याने गिरणी कामगारास, लहान कारकुनास शहराच्या मध्यभागी पिढ्यान्‌पिढ्या राहणे शक्य केले, हेही तितकेच खरे. चाळीतील वाचनालये, भजनी मंडळे, गणेशोत्सव आणि हौशी नाटके या स्थैर्यावरच उभी राहिली.

३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे दगावली. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर मालक, भाडेकरू, मंडळ आणि महापालिका यांपैकी दोष कोणाचा, याची चर्चा होते आणि प्रत्येकाकडे आपल्यापुरते समर्पक उत्तर असते. ही उत्तरे एकेकटी खरी असूनही इमारत उभी राहत नाही. आधुनिक भारतीय साहित्यातील घराचा अभ्यास करताना त्या घरात कोण राहते, याबरोबरच त्या घराची दुरुस्ती कोण करते, हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे. अनेक कृतींत त्याचे उत्तर ‘कोणीही नाही’ असे येईल. त्या उत्तरामागे कोणता कायदा आणि कोणती तारीख आहे, हे शोधणे हे तौलनिक अभ्यासाचे पुढील काम आहे.